पाण्याला वाट द्या : घराभोवतीचा उतार, निचरा आणि मुलांचे आरोग्य

बालरोगतज्ज्ञाने घराभोवतीच्या जमिनीच्या उतारावर लेख लिहावा, हे काही सभासदांना विषयांतर वाटेल. स्मरणिकेत आपण सहसा लसीकरण, पोषण, नवी प्रतिजैविके अशा विषयांवर लिहितो. परंतु गेली पंचवीसहून अधिक वर्षे बडोद्यात बालरुग्ण तपासताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली आहे. श्रावण-भाद्रपदात आपल्या दवाखान्यांच्या ओसरीवर जी गर्दी होते, तिच्यातील बराच भाग वैशाखात अंगणात फावडे चालविले असते तर आलाच नसता. औषधाच्या कागदावर 'अंगणाचा उतार दुरुस्त करावा' असे लिहून देण्याची आपल्याकडे रीत नाही. म्हणून जे कागदावर लिहिता येत नाही ते येथे लिहितो आहे. यातील स्थापत्याचा भाग मी अभियंता मित्रांकडून आणि त्याहूनही अधिक जुन्या गवंड्यांकडून शिकलो. आरोग्याचा भाग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दोहोंची सांगड घालणे एवढेच माझे काम.

डॉक्टर आणि गटार : एक जुने नाते

हा विषय वैद्यकाला परका नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलीस डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परोपजीवी दिसला. हा इतिहास आपण सारे पाठ करून परीक्षा उत्तीर्ण झालो. मात्र त्यानंतर रॉस कशाकडे वळले, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. १९०२ मध्ये त्यांनी डासनिर्मूलन पथकांवर एक छोटे पुस्तक लिहिले. साचलेली डबकी शोधणे, ती बुजविणे अथवा त्यांतील पाणी वाहते करणे हा त्यांच्या मोहिमेचा गाभा होता.

त्याहून बोधप्रद उदाहरण माल्कम वॉटसन यांचे. १९०१ मध्ये ते मलायातील क्लांग येथे सरकारी डॉक्टर म्हणून गेले. दलदलीच्या सपाट भागात झाडी तोडून, उघडे चर खणून त्यांनी पाणी काढून दिले आणि मलेरिया झपाट्याने ओसरला. पुढे डोंगराळ भागात मात्र हाच उपाय उलटला. तेथील डासांच्या जातीला स्वच्छ, उन्हात वाहणारे झरेच मानवत, आणि उघडे चर म्हणजे त्यांना आयते घर. तेव्हा वॉटसन यांनी तेथे पाणी जमिनीखालून नळांतून नेण्याची पद्धत अवलंबिली. तात्पर्य असे की निचऱ्याचा उपाय जागा पाहून, माती पाहून आणि डास पाहून ठरवावा लागतो. एकच काढा सर्व प्रकृतींना चालत नाही.

आपल्या गावाची प्रकृती

बडोद्याची भूमी सपाट आहे. पावागडाच्या डोंगराळ भागातून निघालेली विश्वामित्री शहराच्या मधून वळणे घेत जाते, आणि आजव्याचे सरोवर भरले की त्याचे जादा पाणीही तिच्याच पात्रात उतरते. शहराच्या बऱ्याच भागांत काळी चिकण माती आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून भसाभसा आत जातो आणि आपल्याला वाटते, जमीन छान पाणी पिते आहे. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन जवळजवळ मेणकापड होते. मग अंगणात पडलेले पाणी खाली मुरत नाही. त्याने बाजूला तरी वाहावे, नाहीतर तेथेच बसावे.

घराच्या पायालाही या फुगण्या-आकसण्याचा त्रास होतो. भिंतीच्या एका बाजूची माती ओली आणि दुसरीकडची कोरडी राहिली की पाया असमान उचलला जातो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा पडतात. गवंडी दरवर्षी त्या लिंपून देतो आणि त्या दरवर्षी उघडतात. हा लक्षणांवरचा उपचार झाला. भेग भिंतीत दिसली तरी तिचे कारण पुष्कळदा अंगणात असते.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. घराला त्रास देणारे पाणी तीन प्रकारचे असते. पहिले, आपल्याच गच्चीवर व अंगणात पडलेले. दुसरे, शेजारच्या जागेतून अथवा रस्त्यावरून आलेले. तिसरे, नदीचे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरून मगरी दारापर्यंत आल्या. अशा तिसऱ्या पाण्यापुढे अंगणाच्या उताराचे काही चालत नाही. तो प्रश्न नदीचे पात्र, तलाव आणि नगररचना यांचा आहे. पण असे पूर काही वर्षांतून एकदा येतात. पहिल्या दोन प्रकारचे पाणी दर पावसाळ्यात, दर आठवड्याला येते, आणि डास, ओल व दूषित पाणी हे मुख्यतः त्याचेच देणे आहे. ते आपल्या हातात आहे.

हिशेब किती पाण्याचा?

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होते. हे सूत्र फार उपयोगी आहे. १२०० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटरची गच्ची घ्या. एक इंच पाऊस झाला की तिच्यावरून सुमारे २८०० लिटर पाणी खाली येते. २०१९ च्या त्या एका दिवशी अशा एका गच्चीवरून सुमारे ५५ हजार लिटर पाणी उतरले असणार. हे सारे पाणी दोन-तीन नळांवाटे भिंतीच्या पायथ्याशी ओतले जाते आणि आपण म्हणतो, घराला ओल का येते कोण जाणे!

आधी तपासणी, मग उपचार

रुग्णाला हात न लावता औषध देऊ नये, हा नियम येथेही लागू आहे. तपासणी तीन प्रकारे करावी.

पहिली तपासणी छत्री घेऊन. जोराचा पाऊस चालू असताना घराभोवती एक फेरी मारावी. पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठे भिंतीला टेकते हे पाहावे. पाऊस थांबल्यावर एका तासाने, चोवीस तासांनी आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. जेथे तिसऱ्या दिवशीही पाणी आहे ती जागा कागदावर खुणेने मांडावी. पावसाळ्यात डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास होण्यास सर्वसाधारणपणे आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे दोन-तीन दिवसांत जे पाणी नाहीसे होते ते डासांच्या दृष्टीने निरुपयोगी, हा साधा निकष आहे.

दुसरी तपासणी पातळीची. डोळ्याने उतार ठरवू नये. सपाट गावात डोळा हमखास फसवितो. गवंडी पाणसळ वापरतात, पण लांब अंतरासाठी त्यांची दुसरी युक्ती अधिक चांगली. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी पाण्याने भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. तिचे एक टोक जोत्यापाशी आणि दुसरे फाटकापाशी धरावे. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीला उभे राहते. त्या पातळीपासून खाली जमिनीपर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजले की त्यांतील फरक म्हणजे उतार. या मोजणीला फार तर अर्धा तास लागतो, आणि कोणत्याही कडियाकडे ही नळी असते.

तिसरी तपासणी मातीची. एक फूट खोल खड्डा करावा, पाण्याने भरावा आणि पूर्ण जिरू द्यावा. नंतर पुन्हा भरून तासाला पाणी किती उतरते ते मोजावे. दुसऱ्या वेळची मोजणी खरी, कारण पहिल्या वेळी भेगा पाणी पितात. तासाला अर्ध्या इंचाहूनही कमी उतरत असेल, तर पाणी मुरविण्याच्या योजनांवर फार भिस्त ठेवू नये, ते वाहवून नेण्याचा विचार करावा.

उतार किती असावा?

मातीच्या अथवा हिरवळीच्या अंगणात भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच खाली उतरावी, असा बांधकामाचा सर्वमान्य दंडक आहे. फरशी किंवा काँक्रीट असेल तर पाणी लवकर वाहते, म्हणून पन्नास फुटांस एक फूट, म्हणजे दहा फुटांस सुमारे अडीच इंच उतार पुरे. नाल्याच्या तळाला शंभरास एक उतार असावा. साठ फूट लांब नाल्याला सुमारे सात इंच. वाचताना हे आकडे क्षुल्लक वाटतात. परंतु ज्या अंगणात उलटा, घराकडे येणारा उतार आहे तेथे दोन इंचांनी सगळे चित्र पालटते.

आपल्या जुन्या वाड्यांचे चौक आठवून पाहावेत. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना ते आठवतील. ओटी उंच, चौक खोल, चौकाची दगडी फरशी एका कोपऱ्याकडे किंचित झुकलेली आणि त्या कोपऱ्यात मोरी. घागर उपडी झाली तरी पाणी आपोआप वाट काढी. तेथे कोणी नकाशा काढला नव्हता, पण कारागिराच्या हातात उतार होता. नव्या बंगल्यांत चकचकीत टाइल्स आल्या आणि हा उतार हरवला. टाइल 'लेव्हलमध्ये' बसली म्हणजे काम उत्तम, अशी समजूत झाली. घरात तसे असेल, अंगणात नाही.

भराव घालताना काही पथ्ये पाळावी लागतात. भिंतीलगत काळी माती वापरू नये, ती खणून काढून मुरूम भरावा. सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी शिंपडून, ठोकून बसवावा. ठोकला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात तो खचतो आणि पाणी पुन्हा भिंतीकडे वळते. भराव जोत्यातील ओलरोधक थराच्या वर कधीही जाऊ देऊ नये. थराखाली किमान सहा इंच जोते उघडे दिसले पाहिजे. अंगण उंच करण्याच्या उत्साहात माती त्या थराच्या वर गेली की ओल सरळ भिंतीत चढते. भिंतीला चिकटून फुलझाडांचे वाफे करण्याची हौसही येथेच नडते. रोज संध्याकाळी आपण पायालाच पाणी घालीत असतो. घराभोवती तीन-चार फूट रुंदीची, बाहेर उतरणारी फरसबंदी करावी आणि बाग तिच्या पलीकडे फुलवावी.

गच्चीच्या पाण्याचे प्रथम काय करावे

वर पाहिले त्याप्रमाणे सर्वांत मोठा स्रोत गच्ची हाच आहे. म्हणून पहिला खर्च तेथे करावा. गच्चीचे नळ जोत्यापाशी मोकळे न सोडता बंद नळाने दहा फूट तरी दूर न्यावेत. त्याहून उत्तम म्हणजे ते पाणी साठवावे. आपल्या गुजरातेत, विशेषतः अहमदाबादच्या पोळांतील घरांत, छपराचे पाणी घराखालच्या टाक्यात साठविण्याची परंपरा जुनी आहे. टाकी भरल्यावर उरलेले पाणी गाळणीतून बोअरमध्ये सोडता येते. परंतु एक गोष्ट निक्षून सांगतो. बोअरमध्ये केवळ गच्चीचे स्वच्छ पाणी जावे. अंगणाचे, रस्त्याचे अथवा मोटार धुतलेले पाणी तेथे सोडणे म्हणजे शिरेतून गढूळ पाणी चढविण्यासारखे आहे. जमिनीखालचे पाणी एकदा नासले की ते पुन्हा स्वच्छ होण्यास फार काळ जातो.

चर, नाली आणि खडीचा चर

अंगणातील उरलेल्या पाण्यासाठी तीन साधने आहेत.

उथळ चर हे सर्वांत स्वस्त. कुंपणालगत बशीसारखा पसरट, हिरवळीने आच्छादलेला खळगा करावा. रुंद असल्याने मूल त्यात पडून लागत नाही आणि पाऊस गेला की तो कोरडा होतो.

दुसरी फरसबंदीतील जाळीची नाली. तिची जाळी काढता येईल अशी हवी, कारण जी नाली साफ करता येत नाही ती दोन वर्षांत डासांची पाळणाघर होते. येथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. नाल्यांच्या सांध्यावर जे चेंबर बांधतात, त्यांचा तळ बाहेर जाणाऱ्या नळापेक्षा खोल ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे गाळ खाली बसतो. पण गाळाबरोबर तेथे सहा इंच स्वच्छ पाणीही महिनोन्महिने राहते, आणि एडिस डासाला हेच हवे असते. अशा चेंबरच्या तळाला छोटे भोक ठेवून खाली खडी भरावी, आणि जेथे माती पाणी पीत नाही तेथे तळ नळाच्या पातळीलाच घ्यावा.

तिसरा खडीचा चर. त्याला जगभर 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात, पण त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच या अमेरिकन कायदेपंडिताने १८५९ मध्ये शेतजमिनीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहून अशा चरांचा प्रसार केला, त्यांचे हे आडनाव. एक फूट रुंद, दीड-दोन फूट खोल चर खणावा. आत गाळणीचे कापड अंथरावे, थोडी खडी टाकून छिद्रांचा नळ छिद्रे खाली करून ठेवावा, वर खडी भरावी आणि कापड वरून मिटून घ्यावे. काळ्या मातीत कापड नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत खडीत चिखल भरतो आणि चर मरतो. शिवाय या चराला बाहेर पडण्याचा मार्ग हवाच. पुष्कळ ठिकाणी तो केवळ खड्ड्यात नेऊन संपवितात. काळ्या मातीत असा खड्डा भरला की भरलेलाच राहतो.

संडासाच्या टाकीचा शोषखड्डा, ज्याला आपल्याकडे खाळकूवा म्हणतात, त्याचा पावसाच्या पाण्याशी कोठेही संबंध येऊ देऊ नये. तो पिण्याच्या बोअरपासून किमान पन्नास फूट आणि पायापासून शक्य तितका दूर असावा. पावसाचे पाणी त्यात शिरले की तो तुंबतो आणि मैला उलटा न्हाणीघरात चढतो. सखल भागातील घरांनी बाहेर जाणाऱ्या नळाला एकमार्गी झडप बसवून घ्यावी.

रस्ता उंच झाला तर?

हे दुखणे आज सार्वत्रिक आहे. जुना थर न खरवडता रस्त्यावर नवा डांबरी थर चढत जातो. तीस वर्षांपूर्वी रस्त्याहून दीड फूट उंच बांधलेला बंगला आज रस्त्याच्या पातळीला किंवा खाली येतो. त्याचे अंगण म्हणजे वाडगा होतो. अशा घराला पाणी नैसर्गिक उताराने बाहेर काढता येत नाही. येथे जितके जमेल तितके अंगण ओलरोधक थराच्या मर्यादेत उंच करावे, फाटकात तीन-चार इंचांचा फुगीर उंबरा देऊन रस्त्याचे पाणी अडवावे, आणि आतील पाणी एका झाकलेल्या हौदात आणून पंपाने बाहेर टाकावे. पंपाला तरंगत्या गोळ्याचे बटण असावे, म्हणजे तो आपोआप चालू-बंद होतो. मुसळधार पावसात वीज जाते, म्हणून पर्यायी व्यवस्था ठेवावी. ओल्या जागेतील या विजेच्या जोडणीला गळती ओळखून प्रवाह तोडणारे यंत्र बसविलेच पाहिजे, कारण अंगणात मुले खेळतात. आणि नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडला जावा, यासाठी रहिवाशांनी एकत्र अर्ज द्यावा. एकट्या घराचा अर्ज फाइलीत राहतो, गल्लीचा अर्ज वाचला जातो.

भिंतीच्या दोन बाजू

पाणी शेजारधर्माची परीक्षा पाहते. काही वर्षांपूर्वी एकाच सोसायटीतील तीन मुले पंधरा दिवसांत डेंग्यूने माझ्याकडे दाखल झाली. त्यांतील एक सात वर्षांची मुलगी ताप उतरल्यानंतर, नेहमी उतरतो तसाच पाचव्या दिवशी, रक्तदाब खालावून अतिदक्षता विभागात गेली. दोन रात्री आम्हा सर्वांच्या कसोटीच्या होत्या. मुलगी वाचली. तिच्या वडिलांच्या आग्रहावरून नंतर मी ती जागा पाहावयास गेलो. दोन बंगल्यांमध्ये कुंपणाची भिंत होती. वरच्या बंगल्याचे पाणी पूर्वी खालच्या बंगल्याच्या कडेने रस्त्याला जाई. काही वादावरून खालच्या घराने भिंतीतील भोके सिमेंटने बुजविली होती. वरच्या बाजूला एक बंद पडलेले चेंबर, रंगाचे दोन रिकामे डबे आणि झाकण मोडलेली भूमिगत टाकी होती. तिन्हींत अळ्या वळवळत होत्या. आजारी पडलेल्या तीन मुलांपैकी दोन भिंतीच्या एका बाजूची होती, एक दुसऱ्या बाजूचे. भांडण भिंतीने अडले होते, डास नव्हता अडला.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. १८८२ च्या इझमेंट कायद्याच्या ७ व्या कलमातील उदाहरणांत असे स्पष्ट म्हटले आहे की उंच जमिनीवर नैसर्गिकपणे पडलेले व ठरावीक प्रवाहात नसलेले पाणी खालच्या जमिनीवर स्वाभाविकपणे वाहू देण्याचा हक्क वरच्या मालकास आहे. पण नैसर्गिक वाहणे वेगळे आणि गच्चीचे पाणी नळाने गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणे वेगळे. त्या दोन कुटुंबांनी वकिलाकडे जाण्याऐवजी गवंडी बोलाविला. भिंतीच्या कडेने दोघांच्या खर्चाने एक नाली रस्त्यापर्यंत गेली. तिला लागलेला खर्च त्या मुलीच्या रुग्णालयातील देयकापेक्षा कमी होता, हे तिच्या वडिलांनीच मला सांगितले.

पाणी साचल्याने काय काय होते

डासांच्या आवडीनिवडी ठाऊक असाव्यात. क्युलेक्स घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारात वाढतो. शहरी मलेरियाचा डास विहिरी, टाक्या यांसारख्या स्वच्छ पाण्यात. एडिस कुंडीखालची बशी, कूलर, टायर, चेंबर अशा छोट्या साठ्यांत. एडिसची अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. म्हणून भांडी केवळ रिकामी न करता आतून घासावी लागतात. अंगणाचा उतार उत्तम असूनही कुंडीखालची बशी भरलेली असेल तर डेंग्यू टळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निचरा हा अर्धा उपाय, आठवड्याची फेरी हा उरलेला अर्धा.

दुसरा धोका पिण्याच्या पाण्याचा. आपल्याकडे नळाला दिवसातून ठरावीक वेळच पाणी येते. उरलेल्या वेळी नळ रिकामा असतो आणि त्यात बाहेरचे पाणी ओढले जाऊ शकते. जेथे जलवाहिनी साचलेल्या पाण्यातून जाते आणि सांध्याला फट आहे, तेथे ते पाणी पुढच्या वेळी थेट घरात येते. पावसाळ्यातील विषमज्वर, कावीळ आणि अतिसार यांच्यामागे हे कारण वारंवार असते. भूमिगत टाकीचे तोंडही अंगणाच्या पातळीला ठेवू नये. ते एक फूट तरी उंच असावे आणि झाकण घट्ट बसावे.

तिसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून तो होतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत या रोगाची मोठी साथ आली. दक्षिण गुजरातला तर तो जुनाच परिचित आहे. तुंबलेल्या पाण्यात मुलांना अनवाणी खेळू देऊ नये.

चौथा, ओलसर भिंतींचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ती दमा आणि श्वसनाचे विकार यांच्याशी असलेल्या संबंधामुळेच. ज्या मुलाचा दमा दर पावसाळ्यात उसळतो, त्याच्या पलंगामागची भिंत कशी आहे हे विचारावे.

आणि पाचवा, सर्वांत दुःखद. रांगते मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते. म्हणून निचऱ्यासाठी खणलेला प्रत्येक खड्डा, हौद आणि चेंबर कुलूपबंद झाकणाने झाकलेला हवा. एक रोग टाळण्यासाठी दुसरा अपघात ओढवून घेऊ नये.

केव्हा, काय करावे

चैत्र-वैशाखात पातळी मोजून घ्यावी आणि भराव व नाल्या पूर्ण कराव्यात. ज्येष्ठात गच्चीचे नळ आणि जाळ्या साफ कराव्यात. पहिल्या जोरदार पावसात छत्रीची फेरी घेऊन चुका टिपाव्यात. श्रावणापासून दिवाळीपर्यंत दर रविवारी घरातील मुलांनाच बरोबर घेऊन बशा, डबे, चेंबर तपासावीत. मुलांना अळ्या शोधण्यात विलक्षण रस असतो. पावसाळा संपल्यावर खचलेला भराव पुन्हा भरावा. दुसऱ्या वर्षी काम निम्मे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी या शहरात आणले. त्यामुळे घरोघरी पाणी आले. घरात आलेल्या आणि आकाशातून पडलेल्या प्रत्येक थेंबाला बाहेर जाण्याची वाट देणे ही पुढची जबाबदारी आपली आहे.

माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना शेवटी एकच विनंती. तापाच्या मुलाचा इतिहास घेताना आपण जेवण, शाळा, प्रवास, लसी हे सारे विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवावा : 'पाऊस थांबल्यावर तुमच्या घराभोवती पाणी किती दिवस राहते?' उत्तर तीन दिवसांपेक्षा अधिक असेल, तर औषधाच्या चिठ्ठीच्या मागील कोऱ्या बाजूवर एक बाण काढून द्यावा, घराकडून बाहेर जाणारा. पालकांना तो पटकन समजतो.